पायाळूची लाथ

"सांभळ्युं? भाभीनी लात खाईने आव्यो छे!"

डॉक्टर नर्सला हे गुजरातीत सांगून हसला. नर्स हसली. बाहेर बाकावर बसलेले पेशंटही हसले, कारण दार सताड उघडं होतं. मी टेबलावर पालथा, लेंगा खाली ओढलेला. आणि लाज वाटली ती मलाच. असा होतो मी तेव्हा.

लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मी लूम चालवायचो. धाग्याचा भरलेला बीम खांद्यावर घेताना कमरेत उसण भरली. आम्ही खानदेशी माणसं उसण भरली की आधी पायाळूकडे जातो. माझी वहिनी पायाळू, पायाकडून जन्मलेली. तिनं रीतीप्रमाणे तीनदा कमरेला पाय लावला. लावला म्हणजे नुसता टेकवला, झोपलेलं मांजरसुद्धा उठलं नसतं. आराम पडला नाही. दुसऱ्या दिवशी डावा पाय लुळा पडायला लागला. बसायची जागा बधिर. लघवी तुंबली. म्हणून उधन्याच्या त्या खासगी दवाखान्यात गेलो. काय झालं, काय केलं, सगळं खरं सांगितलं. पायाळूचंही आणि लघवीचंही.

त्यानं पायाळूचं तेवढं ऐकलं.

लघवीचं पुन्हा सांगितलं तर म्हणाला, "रजानो कागळ जोईए छे एने." म्हणजे मला कामावरून रजेसाठी सर्टिफिकेट हवंय. सुई टोचली, घालवून दिलं. दोन दिवसांनी भावाच्या खांद्यावर लटकत परत गेलो. परत तीच सुई. "नाटक बंध कर."

मग भावानं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं मांडीच्या आत टाचणी टोचली, विचारलं, कळतंय का? मला काहीच कळत नव्हतं. त्याचा चेहरा पडला. मणक्यातली गादी सरकून नसांवर बसली होती. ऑपरेशन झालं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी पाठवायला हवं होतं.

मी एकतीस वर्षांचा आहे. कुबडी घेऊन चालतो. लघवीला नळी लागते.

डॉक्टरवरही ग्राहक मंचात केस टाकता येते, हे कुणीतरी सांगितलं. टाकली. वकीलबाईंनी दवाखान्याचा इंग्रजी केसपेपर मागवून मला मराठीत सांगितला. "घरच्या बाईने पाठीत लाथ मारली. इतर तक्रार नाही." मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. लघवीचा शब्द नाही. बधिरपणाचा नाही. मी दुसऱ्यांदा गेलो होतो, त्याचाही नाही. मला वाटत होतं, तो हसला तो आमच्या अडाणीपणाला. छे! हसता हसता त्यानं स्वतःची सुटका लिहून ठेवली होती.

मग त्या डॉक्टरचा माणूस घरी आला, मिठाईचा डबा आणि एक कागद घेऊन. "भाभी की लात से हुआ, इतना मान लो. केस वापस लो. साहब कुछ मदद कर देंगे." चोर तो चोर, वर शिरजोर.

वहिनी स्टोव्हपाशी ऐकत होती. वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नव्हती, ताट सरकवून निघून जायची. त्या दिवशी जवळ आली.

"भाऊ, मन्हा पायमुये हुयनं का हाई?"

तिच्या पायामुळे झालं का, असं ती मला विचारत होती. माझ्या डोक्यात संताप गेला. त्यांचा तर होताच, स्वतःचाही. पाय माझा गेला, पण गुन्हेगार त्यांनी हिला केलं, आणि मी वर्षभर तिच्यासमोर गप्प बसलो होतो.

कागद फाडला नाही. वकीलबाईंना लागेल म्हणून ठेवून घेतला. डबा परत दिला. "साहब को बोलो, मैंने पेशाब का बोला था. दो बार बोला था."

वहिनीला म्हटलं, "नही. तू ये मन्हासंगे. त्यासले दखाड, पाय कसा लावस ते."

ती रडली. कोर्टात, परक्या पुरुषांसमोर, पाय उचलायचा? मी ऐकलं नाही. येत्या तारखेला ती साक्ष देणार आहे. मंचासमोर पाय लावून दाखवणार आहे. तिच्यानंतर मी त्या डॉक्टरला एकच विचारणार: लघवी तुंबलेल्या माणसाला तू घरी का पाठवलंस? त्यांनी हव्या तेवढ्या तारखा घ्याव्यात. मी प्रत्येक तारखेला नळी लावून येईन, आणि हेच विचारीन.