हातभर मोकळी जागा

वच्छलावहिनीच्या अंगणाचं आमच्या दिघोरीत नाव होतं. बारशाला, मुंजीला आलेल्या बाया जेवण कसं होतं ते सांगायच्या नाहीत, अंगण कसं सारवलं होतं ते सांगायच्या. वहिनी त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. उजाडायच्या आधी विहिरीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, उकिडवी बसून, तळहात सपाट ठेवून, वीतवीत पुढं सरकायची, आणि ऊन वर येईतो पायरीशी पोचायची. मध्येच तिचा हात एखाद्या जागी थांबायचा. वैद्य पोटावर हात ठेवून थांबतो तसा. मग पुढं जायचा.

लोक म्हणायचे, मोठी टापटिपीची बाई. मला ते ऐकून राग यायचा, कारण टापटीप वगैरे काही नव्हतं ते. ती शोधत होती. आणि ती काय शोधते आहे हे मला माहीत होतं.

बहात्तर सालच्या फाल्गुनात तिला मुलगा झाला होता. अकरा दिवस जगला, आणि उद्या नाव ठेवायचं म्हणून घुगऱ्या भिजत घातल्या होत्या त्या दिवशी गेला. दात न आलेलं लेकरू आमच्या घरात जाळत नसत आणि मसणातही नेत नसत. घरच्याच अंगणात ठेवायचं, म्हणजे ते त्याच पोटी परत येतं, अशी रीत. पुरुषांनी त्यात पडायचं नाही. बाळंतिणीला जागा सांगायची नाही, कारण आईला जागा कळली की तिचा जीव तिथेच अडकतो. बायजाबाई सुईण खड्डा खणणार, घरची म्हातारी लेकरू ठेवणार आणि घरातली बिनलग्नाची मुलगी कंदील धरणार. ती मुलगी मी. सतरा वर्षांची होते. दिवेलागणीची वेळ होती. काम झाल्यावर आईनं माझा हात कंदिलाच्या तापलेल्या काचेवर ठेवला आणि माझ्याकडून वदवून घेतलं, "मी काही पाहिलं नाही."

हात भाजला. पण बोलले नाही, तेव्हाही नाही आणि पुढं नऊ वर्षंही नाही. मधल्या काळात मी मास्तरीण झाले, पोरांना विज्ञान शिकवू लागले, भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना झापू लागले. लग्न जमलं नाही, त्यामुळे राहायला भावाकडेच. आई गेली. वहिनीची कूस पुन्हा उजवली नाही. आणि रोज पहाटे खिडकीतून मला तिचा तो सरकणारा हात दिसायचा.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझा भाऊ जागेश्वर ह्याच्या डोक्यात सिमेंटचं खूळ शिरलं. त्यात चूक काही नव्हती, हे मी कबूल करते. मातीच्या अंगणात धान वाळवलं की तांदळात खडे यायचे, घुशी खालून पोखरायच्या, आणि एकदा अवकाळी पावसात अर्धं धान चिखलात गेलं होतं. पण भाऊ म्हणजे एकदा ठरलं की झोपेतही तेच. तहसीलीत खेटे घालून त्यानं सिमेंटचं परमिट मिळवलं. चुलबंदी नदीची रेती बैलबंडीनं आणली. गिट्टी तर घरीच फोडली. गवंडी लावायचा नाही, आपणच करायचं, असं ठरलं, कारण शेजारचा डोमा दोन वर्षं धरणाच्या कामावर होता आणि काँक्रीट म्हणजे काय हे गावात त्या एकट्याला माहीत होतं. निदान तो तसं म्हणायचा.

खोदायच्या आदल्या दिवशी वहिनी भावासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्याशी असं समोर उभं राहून कधी बोलत नसे.

"साऱ्या आंगनात नका टाकू. थोडी जागा मोकळी सोडा."

"कुठं?"

तिनं साऱ्या अंगणावरून नजर फिरवली.

भाऊ चिडला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मले समजते ओ. पण मले तरी कुठं मालूम आहे? तू जागा दाखव, हातभर मोकळी सोडतो. चार विटा लावून देतो भोवताल. पण न दाखवता कुठं सोडू?"

मग ती बायजाबाईकडे गेली. बायजाबाई तेव्हा ऐंशीची, डोळे गेलेले, पण डोकं शाबूत. तासाभरानं वहिनी परत आली. आणि संध्याकाळी, मी वह्या तपासत होते तिथं येऊन बसली.

"गुलाबबाई, कंदील तुमीच धरला होता ना?"

"धरला होता. पण खाली पाहिलं नाही मी. भ्यायले होते."

"जराही नाही पाहिलं?"

"नाही."

माझ्या तळहातावरचा डाग वहीखाली होता. खोटं बोलताना मला वाटलं होतं की मी वहिनीचंच भलं करते आहे. खरं कारण साधं होतं, मी अजून भीत होते. विज्ञान शिकवणारी बाई आईच्या शपथेला भीत होती. आज लिहितानाही मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वरची वीतभर माती काढली. नऊ वर्षांचे शेणाचे थर पापुद्र्यांसारखे निघाले. वहिनी प्रत्येक कुदळीच्या पुढं चालत होती, पुरुषांनी हाकललं तरी. काही निघालं नाही. निघणार नव्हतंच, बायजाबाईनं कंबरभर खोल खणलं होतं. मग मुरूम पसरला, दुरमुसानं ठोकला. विहिरीकडच्या कोपऱ्यात दुरमुस पडला की आवाज बदलायचा. रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा. डोमा म्हणाला, "घुशीचं बीळ असंल." आणि त्यावर अजून चार घमेली मुरूम टाकला.

काँक्रीट एका दिवसात संपवायचं असतं, नाहीतर सांधा राहतो. पहाटेपासून सारं घर, शेजारपाजार कामाला. एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी असा माल फावड्यानं कालवायचा, घमेल्यांनी पोचवायचा, डोमानं लांब पट्टीनं सारखा करायचा. मीही घमेली वाहिली. वहिनीनं मात्र एकही उचललं नाही. ती दिवसभर ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि बायांनी नावं ठेवली, एवढ्या कामाची बाई आज पाहा कशी उभी आहे. विहिरीपासून सुरू झालेलं काम दुपार कलताना पायरीशी संपलं. शेवटचं घमेलं डोमानं तिथं पालथं केलं, पट्टी फिरवली, आणि आमच्या अंगणातून माती संपली.

सकाळी मी उठले तर वहिनी सवयीनं विहिरीकडच्या कोपऱ्यात उकिडवी बसलेली. रात्री वर पसरलेली ओली पोती बाजूला सारून तळहात सिमेंटवर ठेवलेला.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

मी लावला. कोमट होतं. माणसाच्या अंगाइतकं कोमट.

"ताप आहे याले."

"सिमेंट घट्ट होताना गरम होतंच, वहिनी. त्याचा गुणधर्मच आहे तो."

"हो. तुमाले सारं मालूम असते," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हात काढून घेतला.

तेव्हाच मला ते दिसलं. तिच्या हाताखाली सिमेंट खचलं होतं. हातभर लांब, वीतभर रुंद, एका टोकाला जरा गोल. डोमानं माल कालवून ते भरलं, थापी मारून सपाट केलं. दुसऱ्या सकाळी तेवढीच जागा पुन्हा खाली. पुन्हा भरलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तेवढंच लांब, तेवढंच रुंद. चौथ्यांदा भाऊ माल घेऊन गेला तर डोमानं थापी खाली ठेवली.

"मी नाही लावत आता हात. तुमी लावा."

भावानंही लावला नाही.

सिमेंटला पाणी पाजायचं म्हणून भावानं कडेनं चिखलाचे बांध घातले आणि अंगणात पाणी भरलं, धानाच्या बांधीत भरतात तसं. एकवीस दिवस आम्ही पायरीवरून थेट पाण्यात पाय टाकत होतो. पाणी सगळीकडे घोट्याच्या खाली. त्या एका जागी ते काळं दिसायचं. दुपारी ऊन चढलं की खालून कुठूनतरी टक् असा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. गावात बोभाटा झाला. बाया यायच्या, पायरीवरूनच हात जोडायच्या, "वच्छलाचं लेकरू आहे ते," असं कुजबुजत जायच्या. आणि वहिनी रोज पहाटे त्या जागेशी पाण्यात बसायची, लुगडं भिजेतो. कधी लोटीतून थोडं दूध सोडायची. दूध पाण्यात पसरायचं नाही, तसंच खाली जायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं कारण मला आजही सांगता येत नाही.

मला ते सहन होईना. कारण जागा चुकली होती. लेकरू विहिरीकडे नव्हतंच. ते पायरीच्या उजव्या अंगाला होतं, पंधरा पावलं अलीकडे. ही बाई घुशीच्या बिळाला दूध पाजत होती आणि मी मास्तरीण खिडकीतून पाहत होते. बाराव्या दिवशी मी पाण्यातून चालत तिच्याजवळ गेले. शपथ गेली उडत, असं मनाशी म्हणाले.

"वहिनी, मी खोटं बोलले होते. तो इथं नाही. पायरीजवळ आहे."

तिनं मान वर केली नाही.

"मले मालूम आहे."

"कसं?"

"सिमेंट टाकलं त्या दिवशी मी सिमेंट पाहतच नव्हती, गुलाबबाई. तुमचे पाय पाहत होती. साऱ्या आंगनातून तुमी सरळ जात होत्या. पायरीजवळ आलं का वळसा. तरी मले वाटलं, दगड असंल. मंग डोमानं शेवटचा घमेला तिथं टाकला अन् तुमी तोंड फिरवलं. तवा समजलं. पण तोंडातून आवाजच निघाला नाही. तुमी एक दिवस आधी सांगितलं असतं, तं हातभर जागा सोडली असती त्याहिनं."

मी रडले. ती रडली नाही. तिची बोटं पाण्याखाली त्या खोलगट कडेवरून फिरत होती.

मी विचारलं, "मग तुम्ही इथं काहून बसता?"

"बायजाबाईनं सांगितलं होतं. तुह्या लेकराची जागा मी सांगत नाही म्हणे, पण तुह्या एकटीचं नाही त्या आंगनात. तुह्या सासूचेही दोन आहेत, विहिरीकडं. जुळे."

माझी आई. जिनं माझा हात काचेवर दाबला ती. आम्ही दोनच भावंडं, असं मी जन्मभर समजत आले होते. पाण्याखाली सिमेंट पुन्हा टक् वाजलं.

वहिनी थोडी सरकली आणि तिनं तिच्या शेजारी माझ्यासाठी जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "तुमचे तं सख्खे आहेत."