गोदाक्कांच्या घरातला कापूस

"फॉर्मात उत्पन्न निरंक लिहिलंय. मग कोपऱ्यातला हा कापूस कुणाचा?" साहेबांनी मला विचारलं.

मी गोदाक्कांच्या दारात उभा होतो आणि त्यांचं घर पहिल्यांदाच बघत होतो. फॉर्मवर सही मात्र माझीच होती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाहणीवर मी इन्व्हेस्टिगेटर होतो, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहिणारा. देशात वर्षभरात जे पिकतं, जे बनतं, लोक मोबदला घेऊन जी कामं करतात, त्या सगळ्याची किंमत म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. एकच वस्तू दोनदा धरायची नाही. मजुरी धान्यात किंवा कापसात मिळाली, तरी बाजारभावाने धरायची. ट्रेनिंगमध्ये हे मला तोंडपाठ होतं.

पण शिरपूरकडच्या त्या गावात पोचलो, तेव्हा पाटलांच्या मळ्यात भरीत-भाकरीचा बेत होता. मी तिथेच बैठक मारली. पाटील सांगत गेले, मी लिहीत गेलो.

"गोदाक्का? एकटी बाई. ती काय करणार?"

मी निरंक लिहिलं आणि आणखी एक भाकरी घेतली.

आठ दिवसांनी साहेब धुळ्याहून तपासणीला आले आणि नेमके याच घरात शिरले.

"हे कुणी सांगितलं?"

"पाटलांनी, सर."

"पाटील जातात कापूस वेचायला?"

गोदाक्कांनीच सांगितलं, की वेचलेल्या कापसातला वाटा हीच त्यांची मजुरी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, कोतवाल सांगी गया, सरकारना माणूस ई राहिना, बठ्ठासनी घर रहानं. मी येचाले गऊ नही. दिनभर तुम्हनी वाट दखी." सगळ्यांनी घरी राहायचं, असा गावच्या कोतवालाचा निरोप होता, म्हणून त्या वेचायला न जाता दिवसभर माझी वाट बघत बसल्या होत्या.

"त्या दिवसाचा वाटा?" साहेबांनी विचारलं.

"येचंच नही, त वाटा कसाना?"

त्या वेळी मी भरीत खात होतो, हे काही मला सांगता आलं नाही. लाज वाटली. आजही वाटते.

साहेबांनी गावाचे सगळे फॉर्म रद्द केले. मी पुन्हा घरोघर फिरलो. गोदाक्कांचा फॉर्म शेतात, त्यांच्या मागे मागे चालत भरला. त्यांचे हात थांबवायची हिंमत नव्हती.

वाटा लिहिला, एक दिवस कमी धरून. देशाचं उत्पन्न मोजायला गेलो आणि तेवढं कमी करून आलो, हे लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.