सुनंदाचा पासवर्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुला सांगते — मध्येच अडले तर अडू दे.

जळगावात तेव्हा इंटरनेट नवंनवं होतं. सुनंदा असोद्याहून बसने यायची, आम्ही दोघी एकाच कॉम्प्युटर क्लासला. सर भारी संशयी. कोण काय टाइप करतं ते त्यांना केबिनमधल्या स्क्रीनवर दिसायचं, पासवर्डच्या जागी मात्र नुसत्या फुल्या. ते चहाला गेले की सुनंदा मेल उघडायची.

पुण्याच्या एका कंपनीत तिने अर्ज केला होता, घरच्यांना न सांगता. कळलं असतं तर क्लास बंद आणि लग्न उभं. पण बस चुकली तर मुलाखतीचा निरोप बघणार कोण? म्हणून पासवर्ड तिने फक्त एकीला सांगितला. मला.

आता तिचा भाऊ, प्रकाश — कसं सांगू? कधी तो तिला न्यायला यायचा, तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. मैत्रिणीचा भाऊ तो आपलाही भाऊ, अशी रीत. तोंडाने भाऊ म्हणायचे आणि आतून जळायचे. दोन वर्षांत त्याने माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

एका दुपारी तो क्लासवर आला. सुनंदा नव्हती. तिचा मेल उघडून दाखवा, म्हणून तो सरांच्या मागे लागला. सरांनी तिची जन्मतारीख टाकून पाहिली, घरच्यांची नावं टाकून पाहिली, मेल उघडेना. सर वैतागून उठून गेले. मग प्रकाश माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "सुनंदा काय लपवू राहिली, तुले माहीत आहे ना? तू तर हुशार आहे."

एवढंच. ना धमकी, ना जबरदस्ती. त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते, मला तेही आवडले.

पासवर्ड मी सांगितला नाही — मीच टाइप केला. का? तो उठून जाऊ नये म्हणून.

मुलाखतीचा निरोप आलेला होता. त्याने तो दोनदा वाचला. "उपकार झाले, ताई," म्हणाला आणि गेला.

वैशाखात सुनंदाला चोपड्याला देऊन टाकलं. पत्रिका द्यायला आली तेव्हा म्हणाली, "सरांनीच मशीनमध्ये काहीतरी केलं असंल गं." मी हो म्हटलं.

तिची आठवण येते, फार येते. पण खरं सांगू? ती दुपार आठवली की आधी सुनंदा येत नाही डोळ्यांपुढे. आधी तो येतो, शेजारी बसलेला. आणि ती दुपार मला अजून हवी असते.