भोकं पाडलेला पुठ्ठा

तेवीस 'हो' निघाले. मी पुन्हा मोजले. तेवीसच.

चेअरमनसाहेब समोर बसून पान जमवत होते. ते वकील होते आणि शाळाखात्याच्या आमच्या स्थानिक कमिटीचे अध्यक्ष. "काय म्हणतो तुमचा कागद?" त्यांनी विचारलं.

"जेमली पावरा. तेवीस. दहाच्या वर गेलं की अस्थिर धरायचं."

"अस्थिर म्हणजे?"

"म्हणजे घाबरट, लवकर खचणारी. एकटीनं शाळा चालवायला बरी नव्हे."

"आणि ती नलिनी?"

"दोन."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

मी रिपोर्टवर सही केली. त्या सहीची गोष्ट सांगायची आहे.

मी तेव्हा नंदुरबारला मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस होते. मुंबईला शिक्षकाची बी.टी. पदवी करताना मानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात माणसाचा स्वभाव कसा मोजतात ते शिकवलं होतं. तालुक्यात हे शिकलेली मी एकटीच होते, त्यामुळे कमिटीच्या लेखी मी तज्ज्ञ झाले. दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, पण धडगावच्या वर डोंगरात एका गावात मुलांची शाळा काढायचं मंजूर झालं होतं. शिक्षिका एकच. राहायचं तिथेच. पावसाळ्यात चार महिने खाली उतरता येत नाही. अशा जागी कोणाला पाठवायचं, हा प्रश्न होता. आधीच्या नेमणुकांत वशिल्याची कुजबुज झाली होती. म्हणून चेअरमनसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, या वेळी शास्त्रीय पद्धतीनं निवड करू. कोणाला बोट दाखवायला जागा नको."

मी त्यांना समजावून सांगितलं. स्वभावाकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, माणसांचे प्रकार पाडायचे.

"वात, पित्त, कफ," साहेब म्हणाले.

"जवळपास तेच. युरोपातही जुन्या काळी चार प्रकार पाडत. पण आता दुसरी तऱ्हा जास्त चालते. प्रकार पाडायचे नाहीत. एकेक गुण घ्यायचा आणि तो कोणात किती आहे ते बघायचं. धीटपणा किती, मिळून मिसळून वागणं किती, मन थाऱ्यावर किती."

"आणि ते बघायचं कसं?"

"तीन वाटा आहेत. त्या माणसालाच प्रश्न विचारायचे. किंवा त्याला ओळखणाऱ्यांना विचारायचं. किंवा त्याला प्रत्यक्ष कामाला लावून आपण बाजूला बसून पाहायचं."

"तिसऱ्याला वेळ नाही. दुसऱ्यात वशिला येतो. पहिलं करा."

मला हे पटलं. आज लिहिताना सोपं आहे, पण तेव्हा खरंच पटलं. पहिल्या महायुद्धात पलटणीतल्या शिपायांसाठी अशा प्रश्नांच्या याद्या निघाल्या होत्या. त्यातल्या काहींचं मी मराठी केलं. चाळीस प्रश्न. पुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. एकात फुली करायची. कारण विचारायचं नाही, मदत करायची नाही, सगळ्यांना वेळ सारखा. हे नियम मीच लिहून दिले.

तपासायला एक पुठ्ठा लागतो. त्याला इंग्रजीत 'की' म्हणतात, म्हणजे किल्ली. कागदावर तो ठेवला की फक्त 'हो'चे चौकोन भोकांतून दिसतात, बाकी सगळं झाकलं जातं. भोकातल्या फुल्या मोजल्या की झाला स्कोअर. तपासणाऱ्याचं मन अक्षराकडे, नावाकडे जाऊ नये म्हणून ही सोय. पुठ्ठा कादरभाईंनी कापला. कादरभाई आमचे ऑफिसचे कारकून. त्यांच्या घरी तीन पिढ्या पुस्तकबांधणीचं काम होतं, त्यामुळे भोकं अगदी मापात होती.

"बाई, इतला भोकं कसाले?" त्यांनी विचारलं होतं.

"माणसाचा स्वभाव दिसायला."

"भोकमाईन?" ते म्हणाले आणि कातरी पुसून ठेवली.

अर्ज सात आले होते. पाच आपोआप गळाले. कोणाच्या घरून नकार आला, कोणी डोंगराचं नाव ऐकून मागे सरली. उरल्या दोघी. नलिनी गावातलीच, माझी विद्यार्थिनी, हुशार, नीटनेटकी. जेमली डोंगरातली. आश्रमशाळेत मराठी सातवी पास झालेली. तिच्या गुरुजींचं पत्र होतं, 'मुलगी कमी बोलते. पण लहान मुले तिच्या मागे जातात.' ते मी 'मत' म्हणून बाजूला ठेवलं. मत म्हणजे पुरावा नव्हे, असं आम्हाला शिकवलं होतं.

जेमली बापाबरोबर आली. दोन दिवस चालून, प्रकाशा गावाला होडीनं तापी उतरून. तिच्यासाठी हे काम म्हणजे काय, ते बापानं कादरभाईंना ओट्यावर बसून सांगितलं होतं. ऑर्डर हातात पडली तर तिच्या राहण्याच्या जागेत घरची सगळी राहतील. नाही तर होळी झाली की मुकादमाबरोबर सगळं घर गुजरातेत लाकूडतोडीला जाईल. पोरगीही, तिची सहा वर्षांची बहीणही.

दोघींनी एकाच खोलीत फॉर्म भरला. नलिनीचा वीस मिनिटांत झाला. जेमली शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होती. चाळीस फुल्यांना एवढा वेळ का, असं मला वाटलं. मी तेही टिपून ठेवलं. 'निर्णय घेण्यास मंद.'

निकाल सांगितल्यावर ती रडली नाही. उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, माझं कुठे चुकलं?"

यात चूक-बरोबर नसतं, असं सांगायला हवं होतं. मला मीटिंगची घाई होती. मी म्हटलं, "तुझे 'हो' फार झाले."

तिनं मान हलवली. शुद्धलेखनाची चूक दाखवल्यावर चांगली विद्यार्थिनी हलवते तशी. मग ती बापामागून फाटकाबाहेर गेली.

तीन दिवसांनी कादरभाई दोन्ही फॉर्म घेऊन आले. फाइलला लावायच्या आधी ते प्रत्येक कागद वाचत. सवयच होती.

"बाई, हाई पाहिलं का तुम्ही? पुठ्ठाखाले त्या पोरनी लिखेल शे."

"काय लिहिलंय?"

"तुम्हीच वाचा. मन्हा पुठ्ठानी झाकी टाकं व्हतं."

प्रत्येक प्रश्नाखाली दोन बोटं जागा होती. तिथे पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत, जिथे जिथे 'हो' होतं तिथे कारण लिहिलेलं होतं.

रात्री दचकून जाग येते का? 'हो. बिबट्या येतो. जो जागा होत नाही त्याची शेळी जाते.'

आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असं वाटतं का? 'हो. जंगलाचा नाकेदार. तो मोहाच्या झाडाखाली बसतो.'

मेलेली माणसं जवळपास आहेत असं कधी वाटतं का? 'हो. पेरणीच्या आधी पहिलं त्यांना देतो.'

घर सोडून जावं लागेल असं सारखं मनात येतं का? 'हो. दर वर्षी जातो.'

कधी खोटं बोलला आहात का? 'हो. नाकेदाराला.'

आपल्या हातून काही चुकेल अशी भीती वाटते का? 'हो. आज.'

तेवीस 'हो', तेवीस कारणं. एकही घाबरट माणसाचं नव्हतं. मी नलिनीचा फॉर्म पाहिला. कधी खोटं बोलला आहात का? 'नाही.' मीच तिला दोनदा पकडलं होतं, एकदा गृहपाठावर, एकदा वहीवर.

"खरं बोलनी म्हनीसन नापास व्हयनी ती," कादरभाई म्हणाले. "आनि जो कधीच खोटं बोलना नई म्हनस, त्यानवर मी तरी भरोसा ठेवस नई. दुकानमा बी नई, घरमा बी नई."

मी फॉर्म घेऊन चेअरमनसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं. नाकेदारावर हसलेही.

"पण बाई, कारण लिहायचं नाही, हा नियम कोणाचा?"

"विचारायचं नाही, असा नियम होता. माझाच."

"मग हे धरायचं कसं? उद्या नलिनीचे वडील म्हणतील, एकीला कारणं सांगायला दिली, दुसरीला नाही. ऑर्डर गेली आहे. सही तुमची आहे."

ते खरं होतं. मी परत आले.

नलिनी एकोणीस दिवस राहिली. तिचा दोष म्हणणार नाही. भाषा कळेना, मुलं जंगलात पळत, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. विसाव्या दिवशी ती भावाबरोबर खाली आली ती परत गेलीच नाही. शाळेला कुलूप लागलं. होळी झाली. डोंगरातली घरं गुजरातेकडे उतरली. जेमलीचंही उतरलं.

पावसाआधी मी कमिटीपुढे विषय काढला. जेमलीला थेट नेमा, म्हटलं.

"फाइलवर 'अस्थिर' लिहिलंय," साहेब म्हणाले. "तुमच्या अक्षरात. ते तसंच ठेवून ऑर्डर कशी काढू? नवा फॉर्म भरून घ्या. दहाच्या आत आली तर मी त्याच दिवशी सही करतो."

"तोच फॉर्म?"

"दुसरा आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. निरोप पाठवला. बापलेक खांडबाऱ्याहून रेल्वेनं आले. मुकादमाचा तळ त्या बाजूला हलला होता. ती वाळली होती. हाताला कुऱ्हाडीचे घट्टे होते. बाप मागच्यासारखाच ओट्यावर बसला. कादरभाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "धाकली कथी शे? संगे लयना नई का तिले?"

"धाकली गयी, भाय," तो म्हणाला. "ताप उना. तीन दिनमा गयी."

खिडकी उघडी होती. मी आत फॉर्म काढत होते. जेमली माझ्यासमोर उभी होती. तिनंही ऐकलं असणार. तिचा चेहरा हलला नाही.

मी फॉर्म दिला. म्हटलं, "या वेळी मी कारणंही बघणार आहे. लिहायचं असेल तर लिही. खाली जागा आहे."

"हो, बाई."

दहा मिनिटांत तिनं तो परत आणून दिला. नलिनीपेक्षा लवकर.

मी पुठ्ठा ठेवला. चाळीस भोकं. एकातही फुली नाही. पुठ्ठा उचलला. खाली पेन्सिलीची एक रेघसुद्धा नव्हती. रात्री दचकून जाग येते का? नाही. मेलेली माणसं जवळपास आहेत असं वाटतं का? नाही. कधी खोटं बोलला आहात का? नाही. एकोणतिसावा प्रश्न होता, गेल्या सहा महिन्यांत फार दुःख झालं असं काही घडलं का? नाही.

"जेमली, हे खरं आहे सगळं?"

"आता बरोबर आहे ना, बाई?" तिनं विचारलं.

हो म्हटलं तर तिला काय शिकवलं, ते पक्कं झालं असतं. नाही म्हटलं तर ऑर्डर गेली असती. बाहेर बाप बसला होता. मी म्हटलं, "बरोबर आहे."

चेअरमनसाहेब खूष झाले. खूष झाले की ते घरची बोली बोलत. "पहा बाई! आते कशी शहानी व्हयनी पोर!" त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

कादरभाईंनी फॉर्म फाइलला लावला. या वेळी वाचला नाही. वाचायला काही नव्हतं.

पुढच्या वर्षी कमिटीच्या वतीनं इन्स्पेक्शनला मी स्वतः गेले. दोन दिवसांची चढण. शाळा चालू होती. एकवीस मुलं होती, रांगेत बसलेली, आणि ती जमिनीवर खडूनं आकडे काढून दाखवत होती. गुरुजींचं पत्र बरोबर होतं. मुलं तिच्या मागे जात होती. ती उठून कोपऱ्यात गेली तर चार मुलं उठून कोपऱ्यात गेली. तिसऱ्या वाटेनं मी दोन तास बाजूला बसून पाहिलं असतं, तर पहिल्याच वेळी निवड झाली असती. ती डोंगर उतरली नसती. धाकटीही नाही.

माझ्याकडे इन्स्पेक्शनचा छापील फॉर्म होता. मी विचारत गेले.

"मुलं नियमित येतात?"

"हो, बाई."

"गावकऱ्यांचा त्रास?"

"नाही, बाई."

"नाकेदाराचा?"

"नाही."

एक वर्षापूर्वी तिनं या प्रश्नाखाली दोन ओळी तरी लिहिल्या असत्या. प्रत्येक प्रश्नाला मला काय हवं ते ती क्षणभर बघत होती आणि मग तेच देत होती. पेन्सिल तिच्या कानावर होती. तिनं ती काढली नाही.

"छप्पर गळतं का?"

"नाही, बाई."

मी वर पाहिलं. कौलं सात ठिकाणी फुटलेली होती. हजेरीपटाची पानं ओली होऊन फुगलेली होती.

मी फॉर्मवर लिहिलं, 'छप्पर गळते. सात ठिकाणी. कौले ताबडतोब पाठवावीत.' उत्तर आणि डोळ्यांना दिसलेलं यांत फरक पडला तर दिसलेलं लिहावं, एवढं मी त्या कामातून शिकले. कौलं पावसाआधी पोहोचली. जेमलीनं पोच पाठवली. मजकूर एका ओळीचा होता. 'सर्व ठीक आहे.'