झाकून गार केलेलं पाणी

उकळलेलं पाणी झाकून गार करताना अजूनही पुण्यातली आमची प्रयोगशाळा आठवते. भट्टीशिवाय, नव्वद अंशांच्या द्रावणातच सिरॅमिकचे स्फटिक वाढवायचे होते; पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या स्फटिकांची पावडर बिघडवायचा. तपासायला आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसायची, म्हणजे त्यात कार्बोनेटची भेसळ झालेली असायची. पाणी आधी उकळून झाकून ठेवायचं, हे मला सुचलं. पावडर पहिल्यांदा शांत राहिली, तेव्हा मी फक्त शेजारच्या टेबलावरच्या मुकुंदला सांगितलं.

सेमिनारमध्ये त्याने तो शोध स्वतःचा म्हणून सांगितला. सर मला म्हणाले, "अहो, मित्राचं यश आहे, टाळ्या तरी वाजवा." मी वाजवल्या.

चोरी मी एक वेळ विसरले असते. पण पुढच्याच महिन्यात सॉफ्टवेअर कंपनीत जाताना त्याने पावडरची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "तूच ठेव, मला आता काय उपयोग?"

बाटलीवर नाव त्याचंच होतं.