नागपूरचे नवरे

वर्धा मागे पडलं तशी डब्यातली भाषा बदलली. "काहून वं, सरक ना थोडी," म्हणत एका बाईनं मला खिडकीशी ढकललं आणि मला कुसुम आठवली. खरं तर कऱ्हाड सोडल्यापासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच.

कुसुम आणि मी पुण्यात एकाच वर्गात नर्सिंग शिकलो. मी पहिली यायचे. ती कशीबशी पास व्हायची आणि तिच्या 'मले-तुले'ला सगळ्या मुली हसायच्या. मीही हसायचे. पुढे दोघीही गरोदर बायकांच्या दवाखान्यात लागलो, ती नागपुरात आणि मी कऱ्हाडजवळ. तपासणीत एखाद्या बाईच्या रक्तात गरमी (उपदंश) निघाली, की तिला पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यायची, म्हणजे पोटातलं मूल वाचतं. पण नवऱ्यानं ती घेतली नाहीत तर रोग पुन्हा तिच्याकडे येतो. माझ्याकडे नवरे फिरकत नसत. कुसुमकडे येत. "जरा जाऊन बघून या, त्या कसं जमवतात," असं आमचे साहेब म्हणाले. तो आदरार्थी 'त्या' सगळ्या प्रवासभर मला टोचत राहिला.

स्टेशनवर ती स्वतः आली होती. अंगानं भरलेली, लांब बाह्यांचा स्वेटर घातलेली, आणि हसणं तेच. सायकलरिक्षातून आम्ही नंदनवन वस्तीतल्या तिच्या घराकडे निघालो. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं आणि माणसं घरांपुढे खुर्च्या टाकून ते अंगावर घेत होती. दर चौकात कोणीतरी हाक मारायचं, "बाई, चहा घेऊन जा!" कऱ्हाडात मला कोणी चहाला हाक मारत नाही.

घरी तिच्या सासूबाईंनी मला सांभार आणायला पाठवलं. मी पातेलं घेऊन हॉटेलात गेले आणि इडलीबरोबरचं सांबार मागितलं. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर! त्या कोथिंबिरीच्या वड्या खाताना सगळं घर हसत होतं. मीही हसले, पण पुण्यात आम्ही हसायचो तेव्हा कुसुमला कसं वाटत असेल, हे तेव्हा कळलं. वड्या मात्र फार चवदार होत्या.

गुरुवारी तिचा दवाखाना पाहिला. संध्याकाळी बायकांची गर्दी ओसरली, की कामावरून सुटलेले नवरे मागच्या दारानं येत. कोणाचं नाव पुकारायचं नाही. चिठ्ठीत रोगाचं नाव नाही, फक्त 'बाळाविषयी बोलायचं आहे'. आल्यावर खुर्ची. मग बायकोला विचारून कुसुम तिच्या पोटावर लाकडी नळी ठेवी आणि नवऱ्याला म्हणे, "लावा कान." बाळाचे ठोके ऐकून माणसाचा चेहरा बदलला, की मगच रक्ताचं, सुईचं बोलणं, तेही त्याच्याशी एकट्याशी.

एवढंच होतं ते. तीच लाकडी नळी माझ्या दवाखान्यात दहा वर्षं होती; तपासणी झाली की मी ती खिळ्याला टांगायचे. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

शनिवारी कुसुमला मौद्याकडे एका अडलेल्या बाळंतिणीसाठी जावं लागलं. "कोणी आलं तर गुरुवारी बोलाव," असं सांगून ती गेली. सकाळीच गीता नावाची सहा महिन्यांची गरोदर बाई नवऱ्याला घेऊन आली. वामन त्याचं नाव. तो संत्र्याच्या पेट्या भरायचं काम करी. कुसुम आठवडाभर त्याची वाट बघत होती. मला वाटलं, याला इंजेक्शनाला मीच तयार करून दाखवीन. बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. माझं लक्षच नव्हतं. मी सरळ म्हटलं, "तुमच्या बायकोला गरमी आहे. तुमच्याकडूनच आली असणार. इंजेक्शनं घ्या."

बायका वळून पाहू लागल्या. वामन उठला. "माह्याकडूनच काहून? हिच्याकडून काहून नाही?" गीताकडे वळून तो म्हणाला, "तू आता मायच्या घरी जाय." आणि तो निघून गेला. गीता खाली बसून रडू लागली. तिला उठवायलाही माझे हात पुढे झाले नाहीत.

दुपारी कुसुम परत आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गीताला पाणी दिलं, वामन कुठे असेल ते विचारलं आणि मला म्हणाली, "चाल वं, काटोलले जाऊ."

एसटी वाटेत पंक्चर झाली. रस्त्याकडेला संत्र्याची झाडं फळांनी वाकली होती. इतका सुंदर मुलूख मी मान खाली घालून पाहिला.

काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीगच ढीग होते. वामन पेटीत भाताचं तणस पसरत होता. कुसुम एका पालथ्या पेटीवर बसली आणि भाव विचारू लागली. थोड्या वेळानं तोच बोलला, खालच्या आवाजात. "लग्नाच्या आधी सडकेच्या कामावर होतो, बाई. तेव्हा एक फोड आला होता. आपोआप बसला."

"फोड बसला गा, बिमारी नाही बसली," कुसुम म्हणाली. "गीतानं काही केलं नाही. तिच्या सुया चालू झाल्या. तुम्ही घ्यान तर लेकरू वाचते."

"या बाईनं साऱ्या बायकांसमोर..."

मी पुढे झाले. "चूक माझी आहे. मला कुसुमपेक्षा हुशार ठरायचं होतं. माफ करा." हे मी कसं बोलले, अजून समजत नाही. कुसुमनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

वामननं हात पुसले. "येतो. पण सुई कुसुमबाईच्याच हातची घेईन."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि झोंबलंही.

सोमवारी मागच्या दारानं तो आला. गीताच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि म्हणाला, "घरी चाल." नळीला कान लावल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. "घोडा पळून राहिला, बाई!" गीता रडता रडता हसली. मग त्यानं कुसुमच्या हातची सुई घेतली. मी हे पडद्यामागून पाहत होते. त्या नळीजवळ माझा हात असायला हवा होता, हाच विचार तेव्हाही मनात होता.

परतीच्या गाडीत अहवाल लिहिला. मागचं दार, खुर्ची, चिठ्ठी, नळी, सगळं लिहिलं. कुसुमचं नाव एकदाच आलं, राहण्याच्या सोयीपुढे. साहेब म्हणाले, "निरीक्षण बारीक आहे तुमचं." मी मान डोलावली.

उन्हाळ्यात कुसुमचं पत्र आलं. गीताला मुलगी झाली, बाळाचं रक्त स्वच्छ निघालं. शनिवारच्या त्या प्रसंगाचा पत्रात उल्लेखही नव्हता. फार आनंद झाला, आणि त्यामागोमाग ते जळणंही आलंच: मुलगी कुसुमच्या हातावर जन्मली होती.

आता माझ्याकडेही गुरुवारी नवरे येतात. आधी दोन आले, मग येतच राहिले. शेजारच्या तालुक्यातून कोणी बघायला आलं आणि ही युक्ती कोणाची म्हणून विचारलं, की मी कपाटातलं काहीतरी शोधू लागते. तोंडानं सांगणं अजून जमत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. युक्ती कुसुमची.