यिशुनच्या बागेतले तीन फास

यादवराव गडचिरोलीच्या जंगलात एकतीस वर्षं वनरक्षक होते. तितर, लावे, रानकोंबडे धरणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी पकडलं. निवृत्तीनंतर ते परदेशात, यिशुन या उपनगरात मुलाकडे, रत्नदीपकडे राहायला आले.

एका सकाळी तळ्याकाठच्या बागेत फिरताना झुडपात फडफड ऐकू आली. रानकोंबडा! पायात नायलॉनचा फास, आणि सुटायच्या धडपडीत पाय पिरगळत चाललेला. यादवरावांनी वाकून गाठ सैल केली. कोंबडा उडाला. फास हातात राहिला, शर्टाला पिसं चिकटली.

"अंकल! इथे पक्षी धरायचे नाहीत!" पळायला आलेली एक बाई मोबाईल रोखून इंग्रजीत ओरडली.

"नो, नो, आय सेव्ह," एवढंच त्यांना सुचलं.

तिने फोन केला. वीस मिनिटांत बागेचा अधिकारी आला, त्याने पास, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड मागितलं. यादवरावांचे हात इतके थरथरत होते की पाकिटातून कार्ड निघेना. दंडाचं सोडा, आपल्यापायी रत्नदीपची नोकरी गेली तर? त्यांनी त्याला फोन लावला.

"बाबा, कशावरही सही करू नका. मी निघालोच." मुलाचाही आवाज कापत होता.

"गाठ कशी सोडवायची, तुम्हाला कसं माहीत?" यादवरावांनी फास दाखवत खुणांनी सगळं सांगितल्यावर अधिकाऱ्याने विचारलं.

"फॉरेस्ट गार्ड. इंडिया." पुढे इंग्रजी सुचेना, म्हणून ते गुडघ्यांवरच बसले. फास कुणी एकच लावत नाही. कडेकडेने सरकत त्यांनी बोटाने दाखवलं: हा एक. पलीकडे आणखी एक, तांदूळ पसरलेला.

वर पाहिलं तर अधिकारी त्यांच्याकडेच रोखून बघत होता. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. फास कुठे आहेत हे तर लावणाऱ्यालाच ठाऊक असतं!

"कॅमेरे तपासू," अधिकारी म्हणाला आणि नाव लिहून घेऊन गेला.

आठ दिवस यादवराव घराबाहेर पडले नाहीत. बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे. नवव्या दिवशी फोन आला. फास लावणारा दुसराच माणूस कॅमेऱ्यात सापडला होता. "पुन्हा दिसलं तर हात लावू नका, आम्हाला कळवा," एवढीच ताकीद.

रत्नदीपने हुश्श केलं. यादवराव मात्र खुर्चीतून उठलेच नाहीत.

"तिकडे कुणाचे हात थरथरले, की मी म्हणायचो, हाच चोर," ते म्हणाले. "कितीजण नुसते घाबरलेले असतील रे?"